हाताखालचा बांबू

आसावरी देवस्थळीनं पंचेचाळीस वर्षं आपल्या थोरल्या बहिणीला दर पंधरा दिवसांनी एक पत्र लिहिलं होतं, आणि गेल्या मार्चपासून एकही लिहिलं नव्हतं. बहीण, सुलेखाताई, नागपुरात धरमपेठेत एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी. कानांनी पूर्ण साथ सोडलेली, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मोबाइलवर बोट फिरवणं तिला कधी जमलं नाही आणि जमवून घ्यायचंही नव्हतं. राहता राहिलं पत्र. आणि पत्र लिहिणारा हात थरथरायला लागला होता.

दुखणं तसं मोठं नव्हतं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हॉस्पिटलांत पस्तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलेल्या बाईला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वयाबरोबर येणारी थरथर, जिवाला धोका काही नाही. गोळ्या घेऊन पाहिल्या तर दिवसभर गुंगी यायची, म्हणून त्या सोडल्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला की भागायचं. भाजी चिरायचं काम नवऱ्यानं, सुमंतनं, न बोलता आपल्याकडे घेतलं होतं. पण पेन हातात घेतलं की अक्षरं चुलीजवळ सांडलेल्या मोहरीसारखी कागदभर पळायची. सुमंतनं कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकून घेतलं, ती सांगेल तसं पत्र टाइप केलं, छापून पाठवलं. महिन्याभरानं सुलेखाताईचं उत्तर आलं, "तुझं पत्र पोचलं. आधी वाटलं बँकेचं आहे." त्यानंतर आसावरीनं ते टाइप करून घेणंही बंद केलं.

सुमंतनं एका मोटार कंपनीत एकतीस वर्षं गाडीच्या दारांची कुलपं डिझाइन केली होती. लग्न झालं तेव्हा आसावरी त्याला 'अहो' म्हणायची. अमेरिकेत आल्यावर दोनेक वर्षांत 'अहो'चं 'सुमंत' झालं, आणि सुमंतलाही ते आवडलं होतं. रिटायर झाल्यापासून त्याला एकच नाद लागला होता, एस्टेट सेलचा. कुणी वारलं किंवा घर सोडून गेलं की आतलं सगळं सामान तिथेच, त्या घरातच विकायला काढतात. दर शुक्रवारी सकाळी आठला सुमंत अशा कुठल्यातरी घराबाहेर थर्मास घेऊन रांगेत उभा असायचा. रांगेतली माणसं ठरलेली, एकमेकांना नावानं ओळखणारी. गराजमध्ये आता गाडी मावत नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यानं बुटांचं एक खोकं आणलं. वर स्क्रू ड्रायव्हर, पितळी बिजागऱ्या, एक मोडका टेप. तळाशी बांबूचा एक तुकडा होता. वीतभरापेक्षा थोडा लांब, तीन बोटं रुंद, उभ्या चिरलेल्या बांबूचा, नळीच्या कौलासारखा वर फुगीर आणि खाली पोकळ. सुमंतला वाटलं शूहॉर्न असेल. दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना तो खरोखरच तो तुकडा टाचेखाली घालून बूट चढवायला लागला, तेव्हा आसावरीनं पाहिलं आणि त्याच्या हातातून काढून घेतला.

"यावर चित्र आहे," ती म्हणाली.

चित्र नुसतं काढलेलं नव्हतं, कोरलेलं होतं. एक होडी, मागे वेतासारखं उंच गवत, आणि होडीत वल्हं आत ओढून घेऊन झोपलेला एक माणूस. चित्र फिकट, जुन्या हस्तिदंतासारखं. भोवतालची जमीन मात्र पिकलेल्या चिंचेच्या रंगाची. आसावरीनं टेबलाच्या खणातून भिंग काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शरीराचे काप बघितलेले डोळे. लाकडाचा काप दिसल्यावर ते आपोआप कामाला लागले. तिला दिसलं की हे दोन रंग मुळात रंग नव्हेतच. कोरणाऱ्यानं बांबूची वरची साल होडीपुरती, गवतापुरती आणि माणसापुरती ठेवली होती, बाकीची सगळी तासून खालचा गर उघडा केला होता. वर्षं गेली तसा गर काळवंडत गेला आणि साल तशीच उजळ राहिली. गवताचं एकेक पातं केसाएवढं होतं. साल तर जेमतेम कागदाएवढी जाड. तिच्या हातानं आता साधं बटण लागत नव्हतं, आणि कुणाच्या तरी हातानं हे केलं होतं. ती बराच वेळ भिंग घेऊन बसली. बाहेर सुमंत एकटाच चालून आला.

तो तुकडा जेवणाच्या टेबलावरच राहिला. तीन-चार दिवसांनी ती किराण्याची यादी करायला बसली असताना तिनं सहज मनगट त्याच्यावर टेकवलं. बांबूचा फुगवटा बरोबर मनगटाखाली आला, हात टेबलापासून दोन बोटं वर उचलला गेला, आणि खांद्यापासून येणारा सगळा भार त्या कमानीनं घेतला. तिनं 'कोथिंबीर' लिहिलं. मग थांबून त्या शब्दाकडे पाहिलं. थरथर गेली नव्हती, पण ती बांबूपर्यंत येऊन तिथेच विरत होती. वेलांटी जराशी हलली होती, एवढंच. कोथिंबीर वाचता येत होती.

त्याच दुपारी तिनं सुलेखाताईला साडेतीन पानी पत्र लिहिलं. लिहायला दोन तास लागले.

दिवाळीच्या फराळाला तिची मैत्रीण शोभा आली, सोबत नात अनिका. अनिका इथल्याच युनिव्हर्सिटीत चिनी कलेवर पीएच.डी. करत होती. चिवड्याची वाटी हातात घेऊन ती टेबलाशी आली आणि वाटी तशीच खाली ठेवली. हात पुसून तिनं बांबू उचलला.

"आसावरीआजी, धिस इज अ रिस्ट रेस्ट. तुमच्याकडे कुठून आला?"

मग तिनं अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्लिशमध्ये सांगितलं. चिनी लोक पूर्वी वरून खाली लिहायचे, उजवीकडून डावीकडे. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईवरून जायचा, बाही फिरायची. म्हणून हाताखाली असा टेकू घ्यायची पद्धत. शाईचा दगड, कुंचले ठेवायचं बांबूचं भांडं, कागद दाबायचा गोटा, आणि हा हाताचा टेकू, हे त्या काळच्या विद्वानांच्या टेबलावरचं रोजचं सामान. तुकड्याच्या पोकळ बाजूला बारीक अक्षरांच्या चार ओळी होत्या, त्या तिनं अडखळत वाचल्या. कुणीतरी आपल्या मित्राला हे दिलं होतं. लिहिलं होतं, उन्हाळ्यात ज्याचा हात घामेजतो त्या मित्रासाठी. तिच्या मते तुकडा तीनशे वर्षांपूर्वीचा असावा, पण ती खात्रीनं सांगणार नव्हती. गाइडना फोटो दाखवते म्हणाली. सुमंतनं तो बूट चढवायला वापरला होता हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं असतं, पण सांगितलं कुणीच नाही.

आठवड्याभरानं अनिकाचा फोन आला. आवाज वेगळाच होता. गाइडनी फोटो बघताक्षणी तुकडा ओळखला होता. तो त्यांच्या स्वतःच्या गुरूंचा, प्रोफेसर लिन यांचा. विद्यार्थी असताना त्यांनी त्याच्यावर हात ठेवून लिहिलंही होतं. "ही हॅज बीन सो फाँड ऑफ इट," अनिका म्हणाली, "ऑल हिज लाइफ."

"कधी गेले ते?" आसावरीनं विचारलं.

"नो, दॅट्स द थिंग, आजी. ते गेले नाहीत. प्लिमथ रोडच्या पलीकडे एका केअर होममध्ये असतात. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत."

सुमंतचं म्हणणं सरळ होतं. सेल उघडपणे झाला होता, त्यानं मागितले तेवढे पैसे दिले होते, घरच्यांनीच विकायला काढलं असणार. कुणाचं काही ढापलेलं नाही. हे बोलून झाल्यावर तो म्हणाला, की द्यायचं तर तू ठरव, कारण लागतंय ते तुला.

आसावरीला ठरवायला तीन आठवडे लागले. पुढे तिला या तीन आठवड्यांची लाज वाटायची आणि ती ते लपवायचीही नाही. त्या काळात तिनं सुलेखाताईला चार पत्रं लिहिली, एरवी दोन महिन्यांत लिहिली असती तेवढी. आईच्या हातच्या पाटवड्यांबद्दल लिहिलं, वडिलांनी महाराजबागेत सायकल शिकवली त्याबद्दल लिहिलं, आत्तापर्यंत कधीच न लिहिलेलं बरंच काही लिहिलं. चौथं पत्र संपवताना तिला कळलं की आपण साठा करून ठेवतोय. दुष्काळ येणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखा. मग तिनं बांबू एका धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि सुमंतला गाडी काढायला सांगितलं.

डिसेंबर लागला होता. केअर होमच्या आवारात बर्फ खरवडून कडेला ढीग लावले होते. प्रोफेसर लिन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. किरकोळ अंगाचे, वूलनचं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलेलं, डोळे तरतरीत. खोलीत पलंग, टीव्ही, आणि भिंतीवर एका चिनी ग्रोसरीचं कॅलेंडर. बाकी काही नाही. आसावरीनं आपलं नाव सांगितलं, अनिकाच्या गाइडचं नाव सांगितलं, आणि रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी उलगडला. बांबू हातात घेतला. त्यांचा अंगठा न बघताच एका कडेवर गेला आणि तिथे बसला. आसावरीला ती कड माहीत होती. तिथे बांबू जरासा झिजलेला होता.

"डॅनियलनं पाठवलं?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं. डॅनियल म्हणजे त्यांचा पुतण्या.

आसावरी म्हणाली, नाही, माझ्या मिस्टरांनी विकत घेतलं.

"विकत. कुठे?"

"तुमच्या घरी. ऑक्टोबरमध्ये सेल होता तिथे."

बोलून गेल्यावर तिला दिसलं की त्यांना हे माहीत नव्हतं.

पस्तीस वर्षांत तिनं हजारो माणसांची वाईट बातमी लिहिली होती. काचपट्टीवर बघायचं, कागदावर लिहायचं, सही करायची. तो कागद वरच्या मजल्यावर जायचा आणि तिथला दुसरा कुणी डॉक्टर समोरच्या माणसाला सांगायचा. माणसाचा चेहरा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. तो आता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आला. चेहऱ्यावर काही झालं नाही. फक्त अंगठा बांबूच्या कडेवरून फिरत होता तो थांबला.

त्यांनी सांगितलं, की ऑगस्टमध्ये पडल्यावर ते इकडे आले. घर विकावं लागणार हे त्यांना कळत होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण सामान गोदामात ठेवलंय, थंडी सरली की आणून देतो, असं डॅनियलनं सांगितलं होतं. भिंतीकडे हात करून ते म्हणाले, त्या तिथे कपाट करून घ्यायचं ठरलं होतं.

सुमंत दारापाशी उभा होता. ज्या टेबलावर त्या दिवशी लोक तुटून पडले होते ते टेबल त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

मग प्रोफेसर लिन यांनी विचारलं, की हा टेकू आहे हे तुम्हाला कसं कळलं. आसावरीनं खरं काय ते सांगितलं. हात पुढे करून दाखवला. ते म्हणाले, लिहून दाखवा. खणात पॅड होतं, बॉलपेन होतं. तिनं पलंगाच्या टेबलावर बांबू ठेवला, मनगट टेकवलं आणि सवयीनं लिहिलं, 'ती. सुलेखाताईस, सा. न.' ते पुढे वाकून बघत होते. लिपी कुठली, डावीकडून उजवीकडे का, वर ती रेघ कशासाठी, असं सगळं विचारत होते. शिरोरेघ तिनं शेवटी ओढली तेव्हा ती किंचित नागमोडी आली. त्यांना ती आवडली.

"हे मला माझ्या गुरूंनी दिलं," ते म्हणाले. "अठ्ठावन्न साली, तैपेईत, मी इकडे यायला निघालो तेव्हा. ते नानजिंगहून निघाले तेव्हा त्यांनी बाहीत लपवून आणलं होतं." मग त्यांनी आसावरीकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला याची गरज आहे, हे मला दिसतंय. पण मला हे परत हवंय."

"त्यासाठीच आणलंय," आसावरी म्हणाली.

खोटं नव्हतं ते. तरी परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. ते म्हणतील, राहू द्या तुमच्याकडे, अशी कुठेतरी आशा होती. ती होती हे आत्ता कळत होतं. सुमंतनं हीटर वाढवला. घराच्या वळणावर तो म्हणाला, "रांगेत माझ्या पुढे कोण होतं ते मला आठवतंय."

दुसऱ्या दिवसापासून सुमंत कामाला लागला. एस्टेट सेलच्या रांगेतल्या माणसांचे फोन नंबर त्याच्याकडे होतेच. त्यानं जुन्या ड्रॉइंगच्या कागदावर त्या घराचा नकाशा काढला, कुठल्या खोलीत काय होतं, कुणी काय उचललं, आठवेल तसं लिहीत गेला. मागच्या खोलीत त्यानं एक काळा दगड पाहिला होता, तो लॅरी नावाच्या निवृत्त पोस्टमननं नेला. लॅरीकडे जाऊन बघितलं तर शाई घोटायचा तो दगड त्याच्या बाथरूममध्ये साबण ठेवायला होता. साबण काढून, दगड धुऊन लॅरीनं तो लगेच दिला आणि वर माफी मागितली. झाडाच्या मुळापासून कोरलेलं एक छोटं आसन एका बाईच्या बेगोनियाच्या कुंडीखाली सापडलं. तिनं बदल्यात कुंडीसाठी दुसरं काहीतरी द्या म्हटलं. सुमंतच्या गराजमध्ये तशा अकरा वस्तू होत्या. जेडचा कागददाब ज्यानं घेतला होता त्यानं मात्र फोनच ठेवून दिला. आणि सगळ्यात चांगल्या पाच-सहा गोष्टी शिकागोच्या एका डीलरनं पहिल्याच तासात उचलल्या होत्या. सुमंत आणि आसावरी जानेवारीत चार तास गाडी चालवून तिथे गेले. माणूस सभ्य होता. वस्तू विकल्या गेल्या, म्हणाला, पण फोटो आहेत, ते घ्या. येताना दोघांनी डेव्हन ॲव्हेन्यूवर, तिथल्या भारतीय बाजारात, इडली खाल्ली.

कुंचले ठेवायचं बांबूचं भांडं शेजारच्या यप्सिलांटी गावात सापडलं. शाळेची बस चालवणाऱ्या ग्लोरिया नावाच्या बाईनं ते नेलं होतं आणि स्वैपाकघरात त्यात उलथणी, डाव आणि लाटणं ठेवलं होतं. भांड्यावर बांबूच्या जाडीत खोल कोरलेलं पाइनचं झाड आणि त्याखाली गप्पा मारणारी तीन म्हातारी माणसं होती. सुमंतनं सगळी हकिकत सांगितल्यावर ग्लोरिया म्हणाली, मी स्वतः नेऊन देते. आणि खरंच आली, मांडीवर भांडं घेऊन, सुमंतच्या गाडीत बसून.

प्रोफेसर लिन यांनी भांडं फिरवून फिरवून पाहिलं. आतून नाकाशी नेलं. मग विचारलं, गॅसपासून किती लांब ठेवता? ग्लोरियानं हातानं अंतर दाखवलं. त्यांनी सांगितलं, की इथल्या हिवाळ्यात घरोघरी हीटर चालतात, हवा कोरडी होते, बांबू तडकतो. त्यांच्या अभ्यासिकेत याच भांड्याला दोन चिरा गेल्या होत्या, त्या आता मिटलेल्या दिसतायत. स्वैपाकघरातली वाफ त्याला मानवलीय. रोज हातही लागतो.

"तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "फक्त आणखी एक हात लांब सरकवा. आणि कधी इकडे आलात तर दाखवायला आणा."

ग्लोरियानं हात आणखी लांब नेऊन नवं अंतर दाखवलं. ती भांडं घेऊन गेली. पुढे दर महिन्याला ती आणायची, उलथण्यांसकट.

डॅनियलशी त्यांचं काय बोलणं झालं ते आसावरीला सगळं कळलं नाही. एकदा ती आली तेव्हा तो दाराशी उभा होता, पन्नाशीचा, थकलेला, कोट न काढलेला. सामान कुठल्या किमतीचं होतं ते त्याला कळलंच नव्हतं. सेलवाल्यांनी सगळं एकदम उचललं. आणि नंतर काकांना सांगायचा धीर होईना म्हणून तो गोदामाचं बोलत राहिला. प्रोफेसर लिन यांनी आवाज चढवला नाही. इंग्लिशमध्ये, म्हणजे आसावरीलाही कळेल असं, ते एवढंच म्हणाले, "विकलंस त्याचं मला फार वाटत नाही. मला चार महिने कपाटाची मापं घ्यायला लावलीस, ते वाटलं." डॅनियल रडला. पुढच्या आठवड्यात त्यानं आपल्या गराजमधून एक पत्र्याचा डबा शोधून आणला, जो सेलमध्ये गेला नव्हता. त्यात बांबूवर काम करायचे सात छोटे चाकू होते.

दर गुरुवारी भेटायची गोष्ट प्रोफेसर लिन यांनीच काढली होती, अगदी पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात. त्यांनी फोन करवून निरोप दिला होता, "तुमची पत्रं इथे येऊन लिहा. गुरुवारी मी मोकळा असतो. तसा मी रोजच मोकळा असतो." तेव्हापासून आसावरी दर गुरुवारी अकराला जायची. बांबू पहिला तास तिच्या हाताखाली, दुसरा तास त्यांच्या. त्यांचाही हात आता थकला होता. दोन-चार अक्षरं कुंचल्यानं काढली की ते थांबायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. ती त्यांना पत्रातलं थोडं सांगायची. ते तिला कोरणाऱ्यांबद्दल सांगायचे. बांबू थंडीत तोडतात, कारण तेव्हा त्यात गोडवा कमी असतो आणि कीड लागत नाही. मग उकळायचा, सावलीत वाळवायचा, आणि विसरून जायचा. दोन वर्षं, तीन वर्षं. घाई केली की तो तडकतो.

हे सुमंतला सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. त्यानं फेब्रुवारीत पोस्टानं एक जाड, हिरवट बांबू मागवला, गराजमध्ये हीटर लावून बसला, आणि बायकोसाठी तसाच एक टेकू केला. मापं तंतोतंत. घरात आणून टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी, दोघं जेवत असताना, तो 'टक्' करून मधोमध फुटला. प्रोफेसर लिन यांना हे ऐकून इतकं हसू आलं की नर्स डोकावून गेली.

पण सुमंत हट्टी होता. त्याच्या गराजच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी तळघरातला, दारूच्या बाटल्या मांडायचा जुना बार पडून होता. साठच्या दशकात अमेरिकेत लोक घरातल्या घरात हवाईच्या समुद्रकिनाऱ्याची हौस भागवायला असले बांबूचे बार करून घ्यायचे. त्याचे चार खांब मनगटाहून जाड होते आणि साठ वर्षं तळघरात निवांत वाळलेले होते. सुमंतनं एक खांब कापला. या वेळी तो कुलपं बनवणाऱ्या इंजिनिअरसारखा वागला नाही. एक काप काढायचा, गुरुवारी आसावरीबरोबर जायचं, दाखवायचा, बोलणी खायची, परत यायचं. कडा बोथट करून आण. आतून अजून तास. नाही, इतकं नाही. असे सहा गुरुवार गेले.

सातव्या गुरुवारी, मे महिन्यात, तो एक काप घेऊन आला. त्यावर चित्र नाही, अक्षर नाही, नुसती वाळक्या गवताच्या रंगाची साल. प्रोफेसर लिन यांनी तो उजेडात धरला, टेबलावर ठेवला, आपलं मनगट त्यावर टेकवलं, आणि काही न लिहिताच मान हलवली. उजवी कड लागते, म्हणाले. पत्र्याच्या डब्यातला सगळ्यात छोटा चाकू काढायला सांगितला. आसावरीनं पाहिलं, की चाकू हातात आल्यावर त्यांचा हात जराही हलत नव्हता. बांबूचा केसासारखा एक तंतू निघाला, मग दुसरा. तिसऱ्यानंतर ते दमले. चाकू सुमंतपुढे धरला.

"दुसरी कड तू कर."

सुमंत कचरला. आपल्या हातून बिघडेल म्हणाला.

"बिघडेल," ते म्हणाले. "खांब अजून साडेतीन शिल्लक आहेत ना?"

खिडकी उघडी होती. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं आणि त्याचा ओला वास आत येत होता. सुमंत खुर्ची उजेडाकडे ओढून, चष्मा कपाळावर चढवून कडेशी झटत होता. प्रोफेसर लिन डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत होते, हळू, आता थांब, आता कापडानं घास. आसावरीनं हात पुढे केला तेव्हा सुमंतनं अजून अर्धवटच असलेला तो बांबू तिच्या मनगटाखाली सरकवला, बघू तरी कसा वाटतोय म्हणून. जुन्यासारखा नव्हता. जरा उंच होता, थंड होता, आणि एका बाजूला टोचत होता. तिनं पेन उघडलं, तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर सुमंत म्हणाला, दे इकडे, अजून घासायचंय. आणि ती म्हणाली, थांब जरा, एवढं वाक्य होऊ दे.